पट्टी बरोबर होती, तरी गिअरचा दात का तुटला? शॉट पीनिंगचा छर्रा निवडताना

काही वर्षांपूर्वी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तुटलेला गिअर पाहायला गेलो होतो. एक दात मुळापासून निघाला होता. गिअरवर बारीक गोल छर्रे मारून त्याला टिकाऊ करणारं पीनिंग मशीन चालवणारा ऑपरेटर, छर्ऱ्यांचा जोर तपासायची पट्टी हातात घेऊन उभा होता. "साहेब, पट्टी तर बरोबर दाखवून राहिली. मशीन तेच, टायमिंग तेच. मग दात काऊन तुटून राहिले?"

प्रश्न अगदी योग्य होता. उत्तर मशीनमध्ये नव्हतं, पट्टीतही नव्हतं. ते हॉपरमधल्या, म्हणजे मशीनच्या छर्रे भरायच्या टाकीतल्या, छर्ऱ्यात होतं. पण तिथवर पोचायचं तर आधी दात तुटतो कसा ते बघावं लागेल.

धातू दोन तऱ्हेने तुटतो. एकदाच प्रचंड जोर आला की तुटतो, हे सगळ्यांना कळतं. दुसरी तऱ्हा अशी की जोर मर्यादेतच असतो, पण तो लाखो वेळा येतो आणि जातो. याला धातूचा थकवा म्हणतात, वर्कशॉपच्या भाषेत फटीग. १८४२ साली वर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच मोडला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. आस कमजोर होता म्हणावं, तर तोच आस तोवर रोज धावत होता. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेचे आस पुन्हा पुन्हा वाकवून वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि फेऱ्यांची संख्या वाढली की धातू कमी जोरातही तुटतो हे आकड्यांनिशी मांडलं. आजही रेल्वेत आसांची अल्ट्रासोनिक तपासणी होते, ती याच भेगांच्या शोधासाठी.

त्या दाताचा तुटका भाग उजेडात तिरपा धरला, तर एका कोपऱ्यापासून आत जाणाऱ्या बारीक वक्र रेषा दिसत होत्या. उन्हाळ्यात अंबाझरी तलावाचं पाणी उतरत जातं तशा काठावर एकाखाली एक रेषा राहतात ना, तशा. भेग कुठे सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने कशी पुढे गेली, याचा तो नकाशाच असतो. अशा तुकड्यांमध्ये भेगेची सुरुवात बहुतेक वेळा पृष्ठभागावर सापडते. कारण सरळ आहे. धातूची कुठलीही पट्टी वाकवली की सगळ्यात जास्त ताण तिच्या बाहेरच्या कातडीला बसतो, आणि ओरखडे, खाचा, गंज हेही सगळे बाहेरच असतात.

भेग उघडायला ओढ लागते. दाबाखाली असलेली भेग मिटलेली राहते. मग पृष्ठभागाला आधीपासूनच कायमचं दाबून ठेवलं तर? शॉट पीनिंग नेमकं हेच करतं.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. तिकडच्या कारागिराला भांडं मठारताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. हातोडीचा प्रत्येक ठोका पत्र्यावर एक उथळ खळगा पाडतो. खळग्याची जागा आडवी पसरू बघते, पण खालचा धातू तिला धरून ठेवतो. पीनिंगमध्ये हातोडीऐवजी वेगाने फेकलेले लाखो गोल छर्रे असतात. प्रत्येक छर्रा एक सूक्ष्म खळगा पाडतो, वरचा थर पसरू पाहतो, खालचा धातू त्याला आत ओढतो, आणि या ओढाताणीत वरचा थर कायमचा दाबाखाली अडकतो. हा थर साधारण एक दशांश ते अर्धा मिलिमीटर जाड असतो. उद्या गिअरवर ओढ आली, तरी आधी हा साठवलेला दाब संपवल्याशिवाय पृष्ठभागाला ताण जाणवत नाही.

म्हणून पीनिंग आणि ब्लास्टिंग यांची गल्लत करू नये. दोन्ही मशीनं दिसायला सारखी, दोन्हीत कण फेकले जातात. पण ब्लास्टिंग गंज आणि खपली काढतं. पीनिंगमध्ये काहीच काढायचं नसतं. तिथे प्रत्येक कण म्हणजे एक हातोडी. आपल्याकडे छर्रा 'स्टोअरचा माल' म्हणून किलोच्या भावाने येतो आणि खरेदीवाला सगळ्यात स्वस्त कोटेशन निवडतो. माझ्या मते बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

आधी आकार: गोल म्हणजे गोलच

टोकदार कणाला ग्रिट म्हणतात. गंज काढायला तो उत्तम, पण थकव्याखाली चालणाऱ्या जॉबसाठी, म्हणजे पीनिंगला घेतलेल्या भागासाठी, तो विष आहे. गोल छर्रा उथळ खळगा पाडतो, टोकदार कण खाच पाडतो. आणि खाच म्हणजे भेगेला तयार करून दिलेला दरवाजा. एका ठिकाणी ब्लास्टिंगचा उरलेला माल 'वाया कशाला घालवायचा' म्हणून पीनिंगच्या हॉपरमध्ये ओतलेला मी पाहिलाय. तिथले कमानीचे पाटे कोळशाच्या ट्रकांवर लागले आणि वेळेआधी तुटून परत आले. भिंगाखाली भेगेच्या तोंडाशी व्ही आकाराची खाच स्पष्ट दिसत होती. पीनिंग केलं नसतं, तर कदाचित ते पाटे जास्त टिकले असते.

ग्रिट मुद्दाम ओतलं नाही, तरी ते हॉपरमध्ये आपोआप तयार होतं. छर्रा आपटून आपटून फुटतो आणि फुटलेला छर्रा म्हणजे ग्रिटच. त्यामुळे नवा माल किती गोल आहे एवढं पाहून भागत नाही. तो फुटतो कसा, हेही पाहावं लागतं, आणि इथेच मालाची जात येते.

बाजारात मुख्य दोन जाती आहेत. पहिली कास्ट स्टील शॉट. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर पाण्याचा जोरदार फवारा मारतात, त्याचे थेंब उडतात आणि थिजून गोळ्या होतात. मग त्यांची हीट ट्रीटमेंट होते आणि त्या चाळून वेगळ्या करतात. ही पद्धत स्वस्त आहे. पण थेंब थिजताना आत पोकळी राहू शकते, भेग राहू शकते, दोन थेंब चिकटू शकतात. असा दाणा लवकर फुटतो आणि फुटताना धारदार कडा देतो.

दुसरी जात कट वायर शॉट. ओढून तयार केलेली तार तिच्या जाडीइतक्याच लांबीचे तुकडे करून कापतात. तार ओढून केलेली, त्यामुळे आत पोकळी राहत नाही, आणि सगळे तुकडे जवळपास एका वजनाचे. अडचण एवढीच की ताजा तुकडा गोल नसतो. तो छोटा दंडगोल असतो आणि त्याच्या कडा धारदार असतात. म्हणून या तुकड्यांना कडक पोलादी पाटीवर आपटून आपटून गोल करतात. याला कंडिशनिंग म्हणतात, आणि त्याच्याही पायऱ्या आहेत: नुसत्या कडा मोडलेला, बराच गोल, पूर्ण गोल. ऑर्डर देताना फक्त 'कट वायर' लिहिलं आणि कंडिशनिंग लिहायचं राहिलं, तर धारदार तुकडेच यायची शक्यता असते. कंडिशन केलेला कट वायर सहसा फुटत नाही. तो झिजत जातो आणि झिजताना गोलच राहतो. त्याचा भाव जास्त, हे खरं. पण किलोचा भाव न पाहता एका जॉबमागे किती माल संपला, हॉपर किती वेळा साफ करावा लागला आणि किती जॉब परत आले, हा हिशेब मांडला, तर स्प्रिंग आणि गिअरसारख्या कामांत तो बऱ्याचदा स्वस्तच पडतो.

चिल्ड आयर्न शॉट म्हणून आणखी एक माल मिळतो. तो कडक असतो, पण काचेसारखा ठिसूळ. पीनिंगसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

कडकपणा, आणि पट्टीला न दिसणारी गोष्ट

आता त्या ऑपरेटरच्या पट्टीकडे येऊ, कारण या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे.

पीनिंगचा जोर मोजायची पद्धत जनरल मोटर्समधले जे. ओ. आल्मेन यांनी १९४० च्या दशकात रूढ केली. स्प्रिंग स्टीलची ७६ मिलिमीटर लांब आणि १९ मिलिमीटर रुंद पट्टी ठोकळ्यावर स्क्रूने घट्ट बसवायची, तिच्या एकाच बाजूवर छर्रे मारायचे आणि मग ती सोडायची. मारलेला थर पसरू पाहतो, म्हणून मोकळी झालेली पट्टी कमानीसारखी वाकते. ती कमान किती उंच झाली ते मोजायचं. पट्ट्या तीन जाडीच्या असतात. हलक्या कामाला एन, ती सुमारे ०.८ मिलिमीटर जाड. मध्यम कामाला ए, सुमारे १.३ मिलिमीटर. आणि मोठ्या पाट्यांसारख्या जड कामाला सी, सुमारे २.४ मिलिमीटर. वेगवेगळा वेळ मारलेल्या पट्ट्यांचा आलेख काढतात. ज्या बिंदूपुढे वेळ दुप्पट केली तरी कमान दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, तिथली उंची म्हणजे पीनिंगची तीव्रता.

पद्धत साधी आहे आणि ऐंशी वर्षांनंतरही तिला तोड नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवायची. पट्टीचा कडकपणा रॉकवेल सी ४४ ते ५० असतो (रॉकवेल सी हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितका धातू कडक). तो गिअर होता कार्बुराइज केलेला, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवून कडक केलेला, पृष्ठभाग रॉकवेल सी ५८ ते ६२. आणि हॉपरमध्ये होता नेहमीचा कास्ट शॉट, पंचेचाळीसच्या आसपासचा.

भिजवलेला हरभरा कणकेच्या गोळ्यावर जोरात मारला तर तो रुततो. तोच हरभरा पाट्याच्या दगडावर मारला तर स्वतःच चेपतो. छर्ऱ्याचंही तसंच होतं. पट्टी त्याच्याच कडकपणाची, म्हणून तिच्यावर नीट खळगे पडले आणि ती व्यवस्थित वाकली. गिअर मात्र त्याच्यापेक्षा खूप कडक. तिथे छर्रा आपटला की छर्राच चपटा व्हायचा आणि आघाताची ऊर्जा त्यातच खर्ची पडायची. गिअरला मिळायला हवा होता तेवढा दाब मिळालाच नाही. पट्टी खोटं बोलत नव्हती. ती स्वतःबद्दल खरं सांगत होती आणि आपण ते गिअरबद्दलचं समजत होतो.

यावरून नियम निघतो: छर्रा निदान जॉबइतका तरी कडक हवा. स्प्रिंग आणि पाटे साधारण रॉकवेल सी ४० ते ५० मध्ये असतात, त्यांना नेहमीचा छर्रा चालतो. कार्बुराइज केलेल्या गिअरला ५५ ते ६२ चा हार्ड शॉट लागतो, कास्ट असो वा कट वायर. हार्ड शॉटची किंमतही मोजावी लागते. तो नोझल आणि मशीनचं अस्तर लवकर खातो, आणि कास्ट जातीचा असेल तर लवकर फुटतो. म्हणून मऊ जॉबवर उगाच हार्ड शॉट वापरण्यात अर्थ नाही, त्याने पृष्ठभागही जास्त खरखरीत होतो. जॉबमध्ये खरोखर किती दाब साठला हे बघायचं असेल, तर क्ष-किरण विवर्तनाने मोजतात. ही सोय प्रत्येक वर्कशॉपकडे नसते, पण नवा जॉब सुरू करताना एकदा बाहेरून तरी मोजून घ्यावं, असं मी आग्रहाने सांगतो.

त्या गिअरच्या बाबतीत आम्ही आधी ग्राइंडिंगचा जाळ (घासताना तापून पृष्ठभाग बिघडणं), केस डेप्थ (कडक थराची खोली) आणि दाताच्या मुळाची गोलाई तपासली. सगळा दोष छर्ऱ्यावर ढकलणं सोपं असतं, म्हणून हे आधी करावं. तिथे दोष सापडला नाही. मग हार्ड शॉट आणला आणि नव्याने आलेख काढून तीव्रता लावली, कारण तेवढ्याच हवेच्या दाबावर हार्ड शॉट पट्टीला वेगळं वाकवतो. त्यानंतरच्या लॉटमधून तशी तक्रार आली नाही.

लहान की मोठा?

मोठा छर्रा म्हणजे मोठा खळगा आणि खोल थर, मग मोठाच का नको? याचं एक कारण जॉबच्या आकारात आहे. भेग जिथे सुरू होते, म्हणजे दाताच्या मुळाशी किंवा शाफ्टच्या पायरीवर, तिथे गोलाई असते. छर्रा तिच्यापेक्षा मोठा असेल, तर तो दोन बाजूंना टेकून अधांतरी राहतो आणि ज्या जागेसाठी एवढा खटाटोप केला तीच जागा कोरी राहते. म्हणून छर्ऱ्याचा व्यास सगळ्यात लहान गोलाईच्या त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त नसावा. खाचेतून किंवा फटीतून मारायचं असेल, तर फटीच्या रुंदीच्या पाव भागाहून जास्त नसावा.

समजा, दाताच्या मुळाशी ०.८ मिलिमीटर त्रिज्या आहे. मग छर्रा ०.४ मिलिमीटरपर्यंतच. कास्ट शॉटच्या नंबरात एस-११० म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, एस-१७० म्हणजे ०.४३, एस-२३० म्हणजे ०.६ आणि एस-३३० म्हणजे ०.८५ च्या आसपास. तेव्हा इथे एस-१७० थोडा मोठाच पडतो. एस-११० घ्यावा किंवा सीडब्ल्यू-१४, म्हणजे ०.३५ मिलिमीटर तारेचा कट वायर. नंबरांतला एक घोळ लक्षात असू द्या. कास्ट शॉटचा नंबर इंचाच्या दहा हजाराव्या भागात असतो, कट वायरचा हजाराव्या भागात. त्यामुळे सीडब्ल्यू-२८ हा एस-२८० च्या जोडीचा आहे.

दुसरं कारण संख्येचं. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, म्हणजे एका किलोत बसणारे दाणे आठपट कमी. ०.६ मिलिमीटरचे छर्रे किलोत सुमारे बारा लाख भरतात, ०.३ चे जवळपास पंचाण्णव लाख. दाणे कमी म्हणजे सगळा पृष्ठभाग खळग्यांनी भरायला वेळ जास्त. हा भरण्याचा हिशेबही नीट समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या फेरीत निम्मा भाग भरला, तर दुसऱ्या फेरीत उरलेल्याच्या निम्मा भरतो, कारण बरेच छर्रे आधीच्याच खळग्यांवर पडतात. म्हणजे दोन फेऱ्यांनंतर ७५ टक्के, तीननंतर साडेसत्त्याऐंशी. शेवटचे दोन-तीन टक्के भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि नेमकी भेग त्या न भरलेल्या जागेतूनच निघते. पट्टीची तीव्रता बरोबर आली म्हणजे जॉब भरला असं होत नाही. जॉब दहापट भिंगाखाली वेगळा बघावाच लागतो.

म्हणून माझा कल असा: हवी ती खोली मिळत असेल, तर त्यातला लहान छर्रा निवडावा. पृष्ठभाग कमी खरखरीत होतो, काम लवकर भरतं आणि गोलाईतही शिरतं. ट्रकचे जाड पाटे मात्र वेगळे. तिथे गोलाई अडवत नाही आणि खोल थर हवा असतो, म्हणून मिलिमीटरच्या आसपासचा छर्रा योग्य. पाट्याचं पीनिंग भार आल्यावर ज्या बाजूवर ओढ येते त्या बाजूवर, म्हणजे आतल्या वळणावर करतात. चांगल्या कारखान्यांत पाटा दाबून धरून, ताणलेल्या अवस्थेतच छर्रे मारतात. सोडल्यावर तो आणखी जास्त दाब साठवतो. वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात कमान बसली की पाटा तापवून, ठोकून पुन्हा वळवायची पद्धत आहे. लाल होईपर्यंत तापवलेल्या पाट्यात पीनिंगचा दाब उरत नाही, आणि घणाच्या खुणा नव्या खाचा होऊन बसतात. असा पाटा दिसायला सरळ झाला, तरी थकव्याच्या हिशेबात तो जुना पाटा राहिलेला नसतो.

धातूंच्या जोडीचंही भान हवं. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांची देखभाल होते. विमानातले कितीतरी भाग ॲल्युमिनियमचे आणि टायटॅनियमचे असतात. त्यांच्यावर साधा पोलादी छर्रा मारला, तर लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात आणि ओल मिळाली की तिथून गंज धरतो. अशा भागांना स्टेनलेस कट वायर वापरतात, किंवा काच आणि सिरॅमिकचे मणी. पोलादी छर्रा वापरलाच, तर नंतर रासायनिक धुलाईने लोखंड काढावं लागतं. स्टेनलेसच्या जॉबलाही हेच लागू. आणि एकाच मशीनमध्ये आज पोलाद, उद्या ॲल्युमिनियम असं चालत असेल, तर फक्त छर्रा बदलून भागत नाही. मशीनच्या कानाकोपऱ्यातली धूळही काढावी लागते.

हॉपरमध्ये गेल्यावर

उत्तम छर्रा आणला तरी तो रोज बदलत असतो. झिजून लहान होतो, फुटतो. ब्लास्टिंगमध्ये लहान-मोठ्या कणांची मिसळ उपयोगीच पडते. पीनिंगमध्ये मात्र बारीक कण प्रवाहात जागा खातात आणि पुरेसा खळगा पाडत नाहीत. म्हणून मशीनमध्ये बारीक माल वेगळा करणारी चाळणी हवी, आणि फुटके दाणे काढणारा स्पायरल सेपरेटर हवा. त्याचं तत्त्व घरच्या घरी पाहता येतं. ताटलीत चमचाभर छर्रे घेऊन ताटली जरा तिरपी करा. गोल दाणे घरंगळून जातात, फुटके आणि चपटे मागे राहतात. त्या ऑपरेटरला मी हीच युक्ती दाखवली. तो आता प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला चमचाभर माल ताटलीत घेतो आणि मागे राहिलेले दाणे भिंगाखाली बघतो.

नवा माल थोडा थोडा, रोज घालावा. महिनाभर काहीच न घालता एक दिवस अर्धा हॉपर ओतला, तर सकाळचे जॉब एका जोराचे आणि संध्याकाळचे दुसऱ्या जोराचे होतात. असं झाल्यास पट्टी पुन्हा मारून बघायलाच हवी.

आपल्याकडे एक काळजी जास्तीची. मे महिन्यातल्या कोरड्या झळांत छर्ऱ्याला काही होत नाही. पण मृग बरसला की कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी उतरतं. ओला छर्रा गंजतो, गंजलेले दाणे एकमेकांना चिकटतात, नोझलमध्ये अडतात आणि प्रवाह तुटक होतो. जॉबवर गंजाची धूळ बसते ती वेगळीच. पावसाळ्याआधी एअर ड्रायर तपासावा, पाणी सोडायचा कॉक रोज उघडावा, ड्रम फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर झाकून ठेवावेत, आणि रविवारी मशीन बंद ठेवताना हॉपरमधला माल ओल्या हवेत उघडा राहणार नाही हे बघावं.

ऑर्डर लिहिताना नुसतं 'पीनिंग शॉट, अर्धा टन' असं लिहू नका. कास्ट की कट वायर, नंबर, कडकपणाची मर्यादा, कंडिशनिंगची पायरी, आणि प्रत्येक लॉटसोबत कडकपणा व चाळणीचा रिपोर्ट, एवढं सगळं लिहा. माल आल्यावर ड्रम फोडून चमचाभर दाणे भिंगाखाली बघा, आणि ते बघितल्याशिवाय सील न तुटलेल्या बाकीच्या ड्रमांवर सही देऊ नका.